चिनहटची बरणी आणि सहलीचा हिशेब

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत रंगू लागतात. रेल्वेचे भाडे आणि निवासाचा दर आधीच ठाऊक असतो, त्यामुळे त्या दोन रकमा वहीत निमूटपणे जाऊन बसतात. हिशेब बिघडतो तो मुक्कामी पोहोचल्यावर. प्रवेशशुल्क, मार्गदर्शकाचे मानधन, मुलांच्या खेळांची तिकिटे आणि या सर्वांना जोडणारे रिक्षाभाडे कोणी आधी मांडलेले नसते. एकेक रक्कम किरकोळ वाटते. परंतु थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे आटतेही.

या खर्चाला आळा घालायचा म्हणजे मुलांचा आनंद कमी करायचा, असा एक समज आहे. तो खरा नाही, हे उमजण्यासाठी लखनौजवळचे चिनहट पाहावे.

चाकावरची माती

मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने लखनौस जाणारी मराठी कुटुंबे बहुधा इमामबाडा आणि हजरतगंज पाहून अयोध्येकडे वळतात. त्याच अयोध्या मार्गावर, शहराच्या मध्यापासून दहा-बारा किलोमीटरवर चिनहट लागते. एकेकाळचे हे गाव आता वाढत्या शहराने आपल्यात सामावून घेतले आहे. त्याची ख्याती आहे ती झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी. दुधी रंगाच्या पृष्ठभागावर तपकिरी व हिरव्या रंगांतील भौमितिक नक्षी ही येथील भांड्यांची ओळख. ही भांडी सुमारे १,१८० ते १,२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली जातात. साधे मडके याहून पुष्कळ कमी उष्णतेवर तयार होते. या प्रखर आचेतच झिलई वितळून काचेसारखी पसरते आणि भांडे पाणी झिरपू देत नाही.

एखाद्या कारागिराची परवानगी घेऊन त्याचे काम अर्धा तास पाहणे, हा मुलांसाठी कोणत्याही जलक्रीडा उद्यानाच्या तोडीचा अनुभव ठरतो. मातीचा गोळा चाकावर चढतो, बोटाच्या हलक्या दाबाने त्याला पोट सुटते, मान निघते, आणि आजीच्या घरी लोणच्याने भरलेली बरणी कशी जन्माला येते हे मुलाला डोळ्यांदेखत कळते. यासाठी तिकिटाची खिडकी नसते.

रणभूमीपासून रेसिडेन्सीपर्यंत

चिनहटची दुसरी ओळख इतिहासातील आहे. ३० जून १८५७ रोजी सर हेन्री लॉरेन्स सुमारे सातशे सैनिकांनिशी लखनौहून बाहेर पडला. चिनहटजवळ इस्माईलगंज येथे बरकत अहमद यांच्या नेतृत्वाखालील सैन्याने त्याचा पराभव केला. ऐन उन्हाळ्यात, पुरेशा अन्नपाण्याविना केलेली ती चाल इंग्रजांना महागात पडली. त्यांची आठ इंची हॉवित्झर तोफही हातची गेली. उरलेले सैन्य रेसिडेन्सीत परतले आणि तिचा प्रसिद्ध वेढा सुरू झाला. २ जुलै रोजी लॉरेन्सच्या खोलीत तोफगोळा फुटला आणि ४ जुलै रोजी त्याचा मृत्यू झाला.

सकाळी चिनहट पाहून दुपारनंतर रेसिडेन्सीत गेलेल्या मुलांना तेथील गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंती निराळ्याच दिसतात. ज्या गोष्टीचा आरंभ सकाळी ऐकला, तिचा पुढील भाग समोर उभा असतो. एरवी पंधरा मिनिटांत 'पाहून झाले' म्हणून सोडून दिलेल्या अवशेषांत कुटुंब दोन तास रमते. रेसिडेन्सी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. २०१८ च्या दरपत्रकानुसार अशा स्मारकांचे प्रवेशशुल्क भारतीयांसाठी २५ रुपये, रोखीऐवजी ऑनलाइन भरल्यास २० रुपये असे ठरले आणि १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य ठेवण्यात आला. म्हणजे आईवडील व दोन शाळकरी मुले अशा कुटुंबाचा प्रवेशाचा खर्च पन्नास रुपयांच्या आत बसतो. मुलांच्या वयाचा दाखला म्हणून शाळेचे ओळखपत्र जवळ असावे, आणि निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा.

एक तिकीट, चार वास्तू

दुसरा दिवस हुसेनाबाद परिसरासाठी राखावा. बडा इमामबाड्याचे तिकीट पुरातत्त्व खात्याचे नसून हुसेनाबाद न्यासाचे असते. त्या एकाच तिकिटावर बडा इमामबाडा, छोटा इमामबाडा, चित्रदालन आणि शाही हमाम पाहता येतात. भुलभुलैयातून बाहेर पडताच तिकीट टाकून देणारे पर्यटक उरलेल्या तीन वास्तूंचे पैसे भरूनही त्या न पाहताच परततात. रुमी दरवाजा आणि हुसेनाबादचा २२१ फूट उंच घड्याळ मनोरा बाहेरून पाहण्यास तर काहीच मूल्य लागत नाही. या साऱ्या वास्तू पायी फिरण्याइतक्या अंतरावर आहेत, त्यामुळे वाहनाचा खर्चही वाचतो.

बडा इमामबाड्याच्या उभारणीस १७८४ मध्ये नवाब आसफउद्दौला यांनी आरंभ केला, तो दुष्काळात. प्रजेच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे हा त्यामागील एक हेतू होता. तुळईच्या आधारावाचून उभ्या असलेल्या त्या विशाल दालनात मुलांना ही हकिकत अवश्य सांगावी. खर्च केलेला पैसा कोणाच्या तरी घरी अन्न होऊन पोहोचतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा तेथे सहज मिळतो.

काटकसर कोठे करावी?

अशा सहलीतून काही नियम आपोआप हाती लागतात. दिवसाला एकच सशुल्क स्थळ ठरवावे आणि त्याच्या आसपासची विनामूल्य स्थळे त्याला जोडून घ्यावीत. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे बंद दाराशी जाऊन परतण्याचे भाडे आधी चौकशी केल्यास वाचते. शहरात मेट्रोचा वापर करावा. विमानतळ ते मुन्शी पुलिया हा सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग मार्च २०१९ पासून पूर्ण झालेला असून चारबाग व हजरतगंज त्यावरच आहेत. मेट्रो चिनहटपर्यंत जात नाही; पुढे अयोध्या मार्गावरील सामायिक रिक्षा घ्यावी लागते. मार्गदर्शक घ्यायचा असल्यास तो अधिकृत असावा आणि त्याचे मानधन आधीच ठरलेले असावे. मुलांच्या हाती दिवसाची एक ठरावीक रक्कम द्यावी. ती संपली की हट्टही संपतो, आणि उरली तर बचतीची गोडी लागते.

सहलीसाठी स्वतंत्र आवर्ती ठेव उघडणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय. दरमहा दोन हजार रुपये भरल्यास वर्षअखेरीस चोवीस हजार रुपये आणि त्यावरील व्याज हाती येते. प्रवासभाड्याची सवलत मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे, कारण ती सवलत भाड्याची असते. पर्यटनस्थळी होणारा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो.

आणि कोठे करू नये?

चिनहटमधून परतताना मात्र हात आखडता घेऊ नये. येथील कुंभारकामाचा बहर ओसरला आहे. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये 'एक जिल्हा एक उत्पादन' योजना सुरू केली, तेव्हा लखनौसाठी निवड झाली ती चिकनकारी आणि जरी-जरदोजीची. मातीकामात बुलंदशहर जिल्ह्याला खुर्जाच्या चिनी मातीच्या वस्तूंमुळे आणि आझमगढला काळ्या भांड्यांमुळे तो मान मिळाला. चिनहटच्या दुकानांतही आज खुर्जाचा माल मांडलेला असतो. म्हणूनच नग उचलण्यापूर्वी तो येथेच घडला काय, हे विचारावे. आणि येथेच घडला असल्यास घासाघीस आवरती घ्यावी. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक अखंड भांड्यामागे तडा गेलेल्या काही भांड्यांचे नुकसान कारागिराने सोसलेले असते. दहा-वीस रुपये कमी करून घेतल्याने सहलीचा हिशेब सुधारत नाही. कारागिराचा मात्र बिघडतो.

घेतलेली बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून, कपड्यांच्या मध्ये ठेवून हातातील पिशवीतूनच आणावी. घरी आल्यावर तिच्यात लोणचे भरले जाईल किंवा पुढच्या सहलीसाठी सुटी नाणी साठवली जातील. आकाशपाळण्याचे तिकीट त्याच संध्याकाळी कचऱ्यात जाते. ती बरणी फडताळात राहील आणि अर्धा तास चाकासमोर बसलेले मूल मोठे झाल्यावरही ती कशी घडली हे पाहुण्यांना सांगेल.