झलक आणि खेळ यांमधले अंतर: पुण्या-मुंबईत घडलेल्या व्हिडिओ गेमचा मागोवा

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात जून महिना हा घोषणांचा हंगाम मानला जातो. लॉस एंजलिस येथे होणाऱ्या 'समर गेम फेस्ट' या सोहळ्यात येत्या एक-दोन वर्षांत येऊ घातलेल्या खेळांच्या झलका एकामागून एक दाखवल्या जातात आणि त्याच दिवसांत मोठ्या कंपन्या आपापले स्वतंत्र कार्यक्रमही उरकून घेतात. तेथील दुपारचे दोन वाजतात तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून अडीच वाजलेले असतात; त्यामुळे बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जाताना लागणाऱ्या मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्याला हा सोहळा थेट पाहायचा झाला, तर त्याला झोप मोडून मोबाइल हातात घ्यावा लागतो. पाहण्याला पैसे पडत नाहीत. खेळण्याचे गणित मात्र वेगळे आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 हे यंत्र भारतात आले, तेव्हा त्याच्या डिस्क चालवणाऱ्या आवृत्तीची किंमत 49,990 रुपये होती, आणि त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,825 रुपये होता. म्हणजे या कापूसपट्ट्यातील शेतकऱ्याला ते एक यंत्र घेण्यासाठी साडेआठ क्विंटलच्या वर कापूस विकावा लागला असता. भारतातील बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर का खेळतात आणि मोठ्या पडद्यावरचे खेळ त्यांच्या वाट्याला बहुधा झलकेच्या रूपातच का येतात, याचे उत्तर या हिशेबात बरेचसे सापडते.

घोषणांच्या सोहळ्यांची ही प्रथा 1995 मध्ये स्थिरावली. त्या वर्षीच्या मे महिन्यात लॉस एंजलिसमध्ये 'ई-थ्री' या नावाने ओळखले जाणारे व्यापारी प्रदर्शन प्रथम भरले. तेथे सेगा कंपनीने आपले 'सॅटर्न' हे यंत्र 399 डॉलरला जाहीर केले आणि त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर येऊन 'दोनशे नव्याण्णव' एवढाच आकडा उच्चारून खाली उतरले. प्लेस्टेशनची ती किंमत ऐकून सभागृहात झालेला जल्लोष या व्यवसायाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. व्यासपीठावरचा एक क्षण बाजाराची दिशा बदलू शकतो, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. पुढे कंपन्यांना आपली चित्रफीत थेट इंटरनेटवरून प्रेक्षकांपर्यंत नेता येऊ लागली, प्रदर्शनातील महागड्या दालनांची गरज ओसरत गेली आणि डिसेंबर 2023 मध्ये ई-थ्री कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात 'ग्रँड थेफ्ट ऑटो 6' या खेळाची पहिली झलक कोणत्याही सोहळ्याशिवाय यूट्यूबवर आली आणि चोवीस तासांत नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. मात्र या खेळाच्या प्रकाशनाची वेळ 2025 वरून आधी 26 मे 2026 आणि नंतर 19 नोव्हेंबर 2026 अशी सरकत गेली. जगातील सर्वांत श्रीमंत निर्मात्यांनाही झलक आणि प्रत्यक्ष खेळ यांमधले अंतर वेळेत कापता येत नाही, हे त्यावरून दिसते.

झलका तरी सर्व एका जातीच्या नसतात. 'सिनेमॅटिक ट्रेलर' म्हणजे अ‍ॅनिमेशनपटाप्रमाणे आधीच रंगवून ठेवलेली चित्रफीत. तिच्यातील एकही दृश्य प्रत्यक्ष खेळात असेलच, असे नाही. 'गेमप्ले ट्रेलर'मध्ये खेळ चालू असतानाची दृश्ये असतात, पण ती बहुधा खेळाच्या एखाद्याच घोटून तयार केलेल्या भागातली असतात, कारण उरलेला खेळ तोवर अर्धाकच्चा असतो. चित्र, हालचाल, उजेड-सावली, आघात आणि आवाज यांचा क्षणाक्षणाला मेळ घालणाऱ्या मूळ संगणकीय यंत्रणेला 'गेम इंजिन' म्हणतात. पात्राने उडी मारली की त्याची सावली कुठे पडेल, इथपासून भिंतीला हात लागल्यावर काय होईल, इथपर्यंतचे सर्व काही या यंत्रणेत बसवावे लागते, आणि या बसवणुकीतच निर्मितीची वर्षे खर्ची पडतात. झलक मात्र दोन-तीन मिनिटांची असते, आणि प्रेक्षक त्या मिनिटांवरूनच निवाडा करून मोकळा होतो.

या निवाड्याची महाराष्ट्रातील सर्वांत बोलकी उदाहरणे 2020 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, अवघ्या चार आठवड्यांच्या आत घडली.

18 ऑगस्ट 2020 रोजी निन्टेन्डो कंपनीने छोट्या, स्वतंत्र स्टुडिओंच्या खेळांसाठी योजलेल्या आपल्या 'इंडी वर्ल्ड' या कार्यक्रमात पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या स्टुडिओचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ दाखवला आणि तो त्याच दिवसापासून स्विच या यंत्रावर विकत मिळू लागला. प्रतीक्षेला इथे जागाच उरली नाही. मात्र त्या दिवसापर्यंतची वाट खडतर होती. श्रुती घोष, इयान मॉड आणि अविचल सिंग यांनी 2017 मध्ये हा स्टुडिओ उभा केला. त्याच वर्षी किकस्टार्टर या संकेतस्थळावर, म्हणजे भावी ग्राहकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करण्याच्या व्यवस्थेतून, भांडवल उभारण्याचा प्रयत्न झाला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि तेथील नियमानुसार ठरलेला आकडा गाठला नाही तर जमलेले पैसेही हाती येत नाहीत. संस्थापकांपैकी एकाने राहते घर विकून काम चालू ठेवले आणि पुढे 'अनरिअल' या गेम इंजिनच्या निर्मात्यांकडून मिळालेल्या अनुदानाने आणि प्रकाशकाच्या आधाराने ते तडीस गेले.

राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो, तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो आणि त्याच्या शोधात निघालेल्या राजीला दुर्गा आपला त्रिशूळ देते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत बोलत सांगतात, त्यामुळे खेळणाऱ्याला आपल्या प्रत्येक चालीवर देवांचे भाष्य ऐकू येते. वास्तूंवर राजस्थानातील महालांची छाप आहे, रंगसंगती पहाडी लघुचित्रांकडे झुकते आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखवलेले आहेत. लढाईत राजी खांबाला धरून गरगर फिरते, भिंतीवर पाय देऊन उसळी घेते. डोंबाऱ्याच्या खेळातली अंगलवचीक चपळाई हीच तिची युद्धकला ठरते. ही कल्पना परदेशी नमुन्यावर देशी वेष चढवून सुचलेली नाही, आणि या खेळाचे खरे मोल तिच्यातच आहे. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदित स्टुडिओच्या पहिल्या खेळासाठीच्या पुरस्काराच्या नामांकनांत 'राजी'चे नाव होते. लढाईची लय काही ठिकाणी अडखळते आणि कथा ऐन रंगात आली असताना संपते, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. परंतु पुण्यातील एका लहानशा गटाने जगाच्या बाजारात उतरवलेला हा खेळ भारतीय खेळनिर्मितीच्या इतिहासातील एक टप्पा आहे, यात शंका नाही.

'राजी' बाजारात आल्यानंतर पंधरवड्याने, 2 सप्टेंबरला, केंद्र सरकारने 118 चिनी संबंध असलेल्या अ‍ॅपवर बंदी घातली आणि गावोगावच्या पारांवर खेळला जाणारा 'पबजी मोबाइल' एका आदेशाने गेला. आणखी आठ दिवसांनी, 10 सप्टेंबर रोजी, फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने 'युबिसॉफ्ट फॉरवर्ड' या आपल्या सोहळ्यात 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या खेळाच्या पुनर्निर्मितीची घोषणा केली. जुन्या खेळाची कथा आणि रचना कायम ठेवून चित्रे, हालचाली व यंत्रणा नव्याने घडवणे, याला या व्यवसायात 'रिमेक' म्हणतात. हा रिमेक पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपवण्यात आला होता. पुण्याचा स्टुडिओ युबिसॉफ्टने 2008 मध्ये गेमलॉफ्टकडून घेतला होता आणि मुंबईचा 2018 मध्ये सुरू केला होता. परदेशात आखलेल्या खेळांचे सुटे भाग पुरवणे, एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्या यंत्रावर आणणे, चुका शोधणे, अशा कामांत भारतीय स्टुडिओंची वर्षे गेली होती. जगभर नावाजलेल्या मालिकेची संपूर्ण सूत्रे महाराष्ट्रातील चमूकडे येणे ही म्हणूनच असाधारण घटना होती. मूळचा 2003 सालचा खेळ भारतातच सुरू होतो, हाही एक सुखद योग होता: इराणचा राजपुत्र वडिलांच्या सैन्याबरोबर एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावर चालून येतो, काळ मागे फिरवणारा खंजीर त्याच्या हाती लागतो आणि पुढच्या सर्व संकटांत त्याची सोबत करते ती त्या महाराजाची कन्या फराह.

झलक पाहून चाहते नाराज झाले. पात्रांचे चेहरे निर्जीव आहेत, प्रकाश सपाट आहे, हा खेळ मागच्या पिढीतला वाटतो, अशी टीका काही तासांतच सुरू झाली. 21 जानेवारी 2021 ही जाहीर केलेली तारीख आधी 18 मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली आणि मे 2022 मध्ये हे काम मूळ खेळ जेथे तयार झाला होता त्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. 2024 च्या सोहळ्यात एका अगदी लहान झलकेतून 2026 हे साल सांगण्यात आले. प्रत्यक्षात जानेवारी 2026 मध्ये कंपनीने अनेक प्रकल्प गुंडाळले, त्यांत हाही होता. पाच वर्षे लोकांनी ज्याची वाट पाहिली, तो खेळ आलाच नाही. टीका करणाऱ्यांनी चित्रे पाहिली, त्यांचे बोलणे सर्वस्वी चुकीचे होते असेही म्हणता येत नाही. पण घोषणेपासून प्रकाशनापर्यंत अवघे चार-साडेचार महिने ठेवणारे वेळापत्रक चमूला चुका दुरुस्त करण्यास उसंत देत नव्हते, याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले, आणि तीन मिनिटांच्या चित्रफितीवरून 'भारतातले काम असेच असायचे' असा शेरा मारणे तर निव्वळ अन्यायाचे होते. ती झलक आली त्याच महिन्यात 'राजी' खेळली जात होती, आणि तीही पुण्याचीच होती.

पबजीने सोडलेल्या जागेकडे अनेकांच्या नजरा लागल्या, आणि पुण्याच्या 'सुपरगेमिंग' या कंपनीने 'इंडस' हा खेळ जाहीर केला. एका बेटावर किंवा नगरात अनेक खेळाडूंना उतरवायचे, मोकळे मैदान हळूहळू आवळत न्यायचे आणि शेवटी उरेल तो विजयी, अशा रचनेला 'बॅटल रॉयल' म्हणतात. 'इंडस'ने तिला विर्लोक नावाच्या कल्पित ग्रहाची पार्श्वभूमी दिली, सिंधू संस्कृती लयाला न जाता अंतराळापर्यंत पोहोचली असती तर काय झाले असते, या कल्पनेवर सगळे नेपथ्य उभारले आणि 'कॉस्मियम' हे द्रव्य हस्तगत करून जिंकण्याची दुसरी वाटही ठेवली. प्रकाशनाआधीच नाव नोंदवून ठेवण्याच्या सोयीचा लाभ एक कोटीहून अधिक लोकांनी घेतला आणि 16 ऑक्टोबर 2024 रोजी खेळ आला. मोबाइलवर फुकट मिळत असल्यामुळे कापसाच्या भावाचा प्रश्न इथे उद्भवत नाही, आणि मोताळ्याच्या खेळाडूला पुण्याच्या खेळाडूइतकाच तो सहज हाती येतो. तरीही नावनोंदणी म्हणजे निष्ठा नव्हे. दरम्यान मे 2023 मध्ये पबजीचा भारतीय अवतार 'बीजीएमआय' बंदीतून सुटून परतला होता, आणि ज्याचे सर्व मित्र एका खेळात आहेत त्याला तिथून उठवणे कोणत्याही झलकेला अवघड जाते.

आता ज्यांची वाट पाहावी असे खेळ कोणते, हा प्रश्न उरतो. 'राजी'चा पुढचा भाग 'राजी: कलियुग' 2025 मध्ये जाहीर झाला आहे. मुंबईच्या 'अंडरडॉग्ज स्टुडिओ'चा 'मुक्ती' हा खेळ तर विषयानेच वेगळा पडतो: एका भारतीय वस्तुसंग्रहालयात फिरत फिरत, कागद, वस्तू आणि बंद खोल्या यांतून मानवी तस्करीचे सत्य खेळणाऱ्याला स्वतः उलगडावे लागते. वैभव चव्हाण यांच्या नेतृत्वाखालील या स्टुडिओची निवड सोनीच्या 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' या योजनेत झाली. भारतीय स्टुडिओंना भांडवल, मार्गदर्शन आणि प्लेस्टेशनवर जागा देणारी ही योजना 2023 मध्ये सुरू झाली. बंदूक न चालवता खेळणाऱ्याला अस्वस्थ करू पाहणारा खेळ मुंबईत घडतो, ही कोणत्याही आकर्षक झलकेपेक्षा मोठी बातमी मानायला हवी. अशा लहान खेळांसाठी 'विशलिस्ट' फार महत्त्वाची असते. 'स्टीम' या विक्रीमंचावर आवडलेल्या आगामी खेळापुढे एक बटण दाबून ठेवले की प्रकाशनाच्या दिवशी सूचना येते. खर्च काही नसतो, पण या नोंदींचा आकडा पाहून प्रकाशक किती पैसा गुंतवायचा ते ठरवतात. लहान गावातील खेळाडूचा शब्द निर्मात्यापर्यंत पोहोचण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

सरकारी पातळीवरही हालचाल दिसते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व मनोरंजनाचे खेळ त्यांपासून वेगळे काढले. पत्ते-पैजांची अ‍ॅप आणि 'राजी'सारखी कलाकृती यांना एकाच नावाने झोडपण्याची सवय त्यामुळे सुटली, तर ते इष्टच होईल. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीच्या धोरणास 3,268 कोटी रुपयांच्या आराखड्यासह मान्यता दिली. या पैशांतून मराठीत बोलणारे, मराठी मुलखात घडणारे खेळ किती निघतात, यावर त्या धोरणाचे मोजमाप व्हावे, कारण आजवर महाराष्ट्रात झालेल्या खेळांतही मराठी भाषा अपवादानेच ऐकू आली आहे.

अशा मराठी खेळांसाठी सामग्रीची तर वाण नाही. मोताळा ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, बेसाल्टच्या खडकात उल्काघाताने कोरलेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आहे; तळाशी खारे सरोवर, काठावर झाडीत दडलेली जुनी मंदिरे, गावात शिल्पांनी भरलेले दैत्यसूदन मंदिर आणि विष्णूने लवणासुराचा वध केल्याची त्या स्थळाशी जोडलेली कथा, असा सगळा साज तेथे आहे. जून 2020 मध्ये त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याचे जगाने पाहिले. एखाद्या वास्तूची सर्व बाजूंनी शेकडो छायाचित्रे घेऊन त्यांवरून तिची त्रिमितीय प्रतिकृती उभारण्याचे 'फोटोग्रामेट्री' हे तंत्र आज साध्या कॅमेऱ्यानेही वापरता येते. त्यानंतर लागतील ते संवाद लिहिणारे, वऱ्हाडी बोलीत आवाज देणारे, डफ-संबळ वाजवणारे आणि मंदिरांच्या शिल्पांचा अभ्यास केलेले लोक. त्यांपैकी बरेचसे बुलढाणा जिल्ह्यातच मिळू शकतात, आणि इंजिन चालवणारे हात पुण्यात आधीच तयार आहेत.