माशीमार कोणता? शेपटीचं बूड पाहा!

हिवाळ्यात कोयना-चांदोलीच्या रानात, सागरेश्वरच्या झाडीत शेपटी उडवत किडे टिपणारा चिमुकला पाहुणा बहुधा लाल छातीचा माशीमार असतो. तैगा माशीमार त्याच्यासारखाच दिसतो. पूर्वी दोघे एकाच जातीत गणले जात.

लाल छातीचा माशीमार
• वीण: मुख्यतः पूर्व युरोपात
• खालची चोच: बुडाशी फिकट
• शेपटीच्या बुडावरची पिसं: करडी-तपकिरी
• प्रौढ नर: नारिंगी रंग छातीपर्यंत, हिवाळ्यातही टिकतो

तैगा माशीमार
• वीण: सायबेरिया ते कामचात्का
• चोच: जवळपास पूर्ण काळी
• शेपटीच्या बुडावरची पिसं: काळीभोर
• प्रौढ नर: नारिंगी रंग गळ्यापुरता, खाली करडा पट्टा, हिवाळ्यात रंग जातो

मादीत नारिंगी रंग नसतोच. तिथे चोच आणि शेपटीचं बूडच तपासावं.