रीसेट झाला, पण चावी कुणाकडे?

एका पीसीच्या पोटात दुसरा पीसी चालवायचा तर क्यूएमू आहेच, तेही फुकट. त्यातली नकली नेटवर्क कार्ड आणि डिस्क, म्हणजे व्हर्टआयओ डिव्हाइस, गेस्टशी रिंगमधून बोलतात. रिंग असते गेस्टच्या रॅममध्ये. तिचा पत्ता दरवेळी होस्टच्या पत्त्यात बदलणे जाम वेळखाऊ, म्हणून २०१७ मध्ये हे मॅपिंग कॅशमध्ये ठेवणे सुरू झाले.

गोची झाली रीसेटला. ड्रायव्हरने स्टेटसमध्ये शून्य लिहिले की डिव्हाइस कोरे व्हायला हवे, पण कॅश तशीच! म्हणजे आपल्या उस्मानपुऱ्याच्या हॉस्टेलवर सीनियर रूम सोडून गेला आणि त्याच्या कपाटाची चावी ज्युनियरला न मागताच मिळाली. नव्या ड्रायव्हरने रिंगचा पत्ता न देताच काम सुरू केले, तर डिव्हाइस जुन्याच जागी लिहिणार. तिथे आता काय ठेवलंय कोण जाणे. त्याच वर्षी जेसन वांग यांच्या पॅचने रीसेटवेळी कॅश मोडायला लावली.

मोडायची कशी, हा खरा फंडा. दुसरा थ्रेड वाचत असताना फ्री केली, तर क्यूएमू कोसळू शकतो. म्हणून आरसीयू: आधी पॉइंटर नल करायचा, आतले वाचक बाहेर पडू द्यायचे, मगच मेमरी सोडायची. नंतर येणाऱ्याला नल मिळेल, ते त्याने तपासावे. इथे आधी असर्ट होता; फझिंगमध्ये तो फुटला आणि २०२० मध्ये साधी तपासणी आली. मला विचाराल तर असर्ट चूकच, गेस्टच्या आगाऊपणाने होस्टवरची प्रोसेस का मरावी?