मालिकेचे पहिले पुस्तक कसे पारखावे

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने जादूगार पोराच्या गोष्टीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मुलासाठी पुस्तक निवडताना प्रश्न पडतो तो आपल्या सर्वांनाच. मालिकेचा पहिला भाग त्याच्या हाती दिला, तर आपण त्याला कशात गुंतवीत आहोत?

जे. के. रोलिंगबाईंचे हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक इंग्लंडात १९९७ साली निघाले आणि सातवे २००७ साली. मराठीत पहिले 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आले. मी तर मालिकेला सात हप्त्यांचा करारच समजतो. करार वाचताना आम्ही पहिल्याने एवढेच पाहतो, की आज पदरात काय पडते आणि आश्वासनावर काय ठेवले आहे. दुसरा भाग वाचनालयातून कुणी आधीच नेलेला असतो, आणि विकत घ्यावा तर पगार अजून लांब असतो. अशा घरातल्या मुलाला पहिल्याच पुस्तकात एक गोष्ट पुरी मिळाली पाहिजे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत ही अडचण नाही. फुरसुंगीचा हा बनेश पुण्याच्या शाळेत शिकतो, सायकल दामटतो आणि संकटात उडी घेतो. त्याचे कोणतेही पुस्तक आधी उचला, काही अडत नाही. पण तिथे पुणे तयारच असते. जादूच्या मालिकेत आधी जग उभारावे लागते, त्याचे कायदे सांगावे लागतात, आणि त्या भरतीतच पुष्कळांचे पहिले पुस्तक संपून जाते.

रोलिंगबाई त्यातून सुटल्या. परीस कोण चोरू पाहतो, हा प्रश्न पहिल्याच पुस्तकात उभा राहतो आणि तिथेच मिटतो. शत्रू मात्र जिवंत राहतो. पुढच्या हप्त्यांसाठी एवढी उधारी रास्त आहे. जग उभारण्याची त्यांची रीतही साधी आहे. लंडनचे किंग्ज क्रॉस स्टेशन खरे, तिथले नववे आणि दहावे फलाटही खरे. त्यांच्या अध्येमध्ये 'पावणेदहावा' फलाट आहे म्हटले, की पोर पटकन विश्वास ठेवते. आपल्या गोदाघाटावर पूर कुठवर चढला ते दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवून सांगतात. अशा खऱ्या खुणेपाशी एखाद्या नाशिककराने आपले जादूचे दार जरूर उघडून पाहावे.

दोषही सांगतो. वर्षअखेरीच्या मेजवानीत स्लिदरिनचे ४७२ गुण आणि ग्रिफिंडोरचे ३१२ असतात. मुख्याध्यापक उठतात आणि नायकाच्या मंडळींना एका दमात १७० गुण देऊन निकाल फिरवतात. वर्षभर ज्यांनी गुण जमवले त्या मुलांचे काय? मालकाच्या मर्जीने मिळणारा बोनस मी पुष्कळ पाहिला आहे, तो हाच. मात्र त्यातले १० गुण नेव्हिल नावाच्या भित्र्या मुलाला मिळतात, स्वतःच्याच मित्रांना अडवण्याबद्दल. ते मला पूर्ण मान्य आहेत. आपल्याच माणसांसमोर एकट्याने 'नाही' म्हणणे किती जड असते, हे सभा घेतलेल्या माणसाला विचारा.

आणि त्या मेजवानीचे जेवण रांधले कोणी? ताटे आपोआप भरतात, मुले जेवतात. कळते ते थेट २००० सालच्या चौथ्या पुस्तकात. तळघरात बिनपगारी घरगडी राबत असतात, आणि हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते. मला तो भाग अर्थातच आवडला. पण त्याची जमा पहिल्या पुस्तकाच्या खाती मांडणे म्हणजे खोटा हिशेब. पहिल्या पुस्तकात हा प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून तेवढे गुण मी कापतो. तरीही दुसरा भाग मिळण्याची खात्री नसलेल्या मुलाला मी ते बेलाशक देईन.