कण्याची मोजणी

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला जमिनीची मोजणी समजावून सांगावी लागत नाही. गटाचा नकाशा कितीही बिनचूक असो, हद्दीचा दगड सापडल्याशिवाय तो बांधाला लागू होत नाही. ऑपरेशनमध्ये सर्जन डोक्याला लावतात तो नवा चष्मा नेमका असाच चालतो.

समजा, उसाच्या ट्रॉलीवरून पडून कुणाचा मणका मोडला. तो धरून ठेवायला शेजारच्या मणक्यांत स्क्रू बसवतात. स्क्रूची हाडातली वाट बऱ्याच ठिकाणी सेंटीमीटरपेक्षाही अरुंद, आणि तिला लागूनच मज्जारज्जू. सर्जन मध्येमध्ये एक्स-रे घेतात किंवा बाजूच्या पडद्यावर पाहतात. पण पडद्याकडे पाहायचं तर नजर जखमेवरून काढावी लागते. चष्मा तेच चित्र जखमेवर आणतो.

त्यासाठी आधी रुग्णाच्या हाडालाच एक खूण घट्ट बसवतात. हा आपला हद्दीचा दगड. मग टेबलावरच सीटी स्कॅन काढून खुणेशी जुळवलेला कण्याचा नकाशा तयार करतात. चष्म्यावरचा कॅमेरा ही खूण आणि हत्यारावरची खूण सतत टिपतो, संगणक दोन्हींचा मेळ घालतो, आणि काचेत आतलं हाड व हत्याराचं टोक दिसतं. अमेरिकेत अशा ‘एक्सव्हिजन’ चष्म्याला डिसेंबर 2019 मध्ये मंजुरी मिळाली. जून 2020 मध्ये तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो वापरून कण्याची शस्त्रक्रिया झाली.

खरा धोका इथे आहे: धक्क्याने खूण सरकली, तरी चित्र तितकंच स्वच्छ दिसतं, फक्त चुकीच्या जागी. म्हणून सर्जन ओळखीच्या हाडावर टोक टेकवून पुन्हा पुन्हा पडताळतात. पोटात हे आणखी अवघड, कारण यकृत श्वासागणिक हलतं. डोळ्यांचाही त्रास आहे. ‘होलोलेन्स’ नावाच्या अशाच दुसऱ्या चष्म्यातलं चित्र दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं, जखम मात्र हातभर अंतरावर, दोन्हींवर नजर एकदम ठरत नाही.

बारामतीत 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. माझ्या मते अशा ठिकाणी आधी साधा कॅमेऱ्याचा चष्मा यावा. शंभर किलोमीटरवरच्या पुण्यातल्या ज्येष्ठ सर्जनना इथल्या डॉक्टरांच्या नजरेसमोरचं दिसेल आणि ते सल्ला देऊ शकतील. रुग्णाची संमती मात्र आधी घ्यायला हवी.

आणि घरच्या कुणाचं नकाशाच्या चष्म्याने ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना न संकोचता विचारा: खूण हलली, तर तुम्हाला कसं कळेल?