नाताळची सहल आणि औषधांचा डबा

धान विकून चुकारे हाती पडू लागले आणि गावोगावच्या मंडया आटोपल्या, की आमच्या सालेकशाच्या दवाखान्यात एक नवाच प्रश्न ऐकू येतो. "डॉक्टरसाहेब, नाताळात पोरांना घेऊन बाहेर जाऊन यावं म्हणतो. काही हरकत?" पूर्वी असा प्रश्न कोणी विचारत नसे. सहल म्हणजे डोंगरगडची बमलाई, माघ पौर्णिमेचे कचारगड, फार तर पावसाळ्यात हाजरा धबधबा. आता मुले इंग्रजी शाळेत जातात, त्यांना डिसेंबरच्या शेवटी आठ-दहा दिवस सुट्टी असते, आणि मोबाईलवर खोपोलीचे इमॅजिका पाहून ती हट्ट धरून बसतात. २०१३ साली सुरू झालेले हे मनोरंजन उद्यान मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ आहे. इकडे आपण शेकोटीभोवती बसलेलो असतो, तेव्हा तिकडे दुपारी अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात फिरता येते. त्याचे आकर्षण मोठ्यांनाही असतेच.

गेल्या महिन्यात असेच एक कुटुंब आले. वडील शिक्षक, आई, आजी, चौदा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे, वाहक नव्हे. आजीने सरळच विचारले, "पोराले नेऊ का नाई, ते सांगा." मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत होता.

'नेऊ नका' म्हणणे डॉक्टरला फार सोपे असते, कारण त्यात त्याची काही जबाबदारी राहत नाही. पण मी 'न्या' म्हणालो, आणि पुढचा पाऊण तास त्यांना बसवून ठेवले. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीच्या वडिलांनी मला विचारले होते. दवाखान्यात गर्दी होती. मी गोळ्या लिहून दिल्या आणि "खुशाल जा" म्हणालो. कुठे जाणार, तिथे काय करणार, हे विचारले नाही. मुलगी डिसेंबरात पाण्याच्या उद्यानात दोन तास लाटांच्या तलावात खेळली, ओल्या कपड्यांनी उन्हात वाळली आणि संध्याकाळी गाडीत बसली. रात्री अकोल्याच्या आसपास तिचे हातपाय आणि पाठ असह्य दुखू लागली. नागपूरला उतरवून तिला दवाखान्यात ठेवावे लागले. सहा दिवसांनी ती बरी होऊन घरी आली, पण चूक माझी होती. मी चार प्रश्न विचारले असते तर हे टळण्याजोगे होते.

सिकलसेलमध्ये काय होते, हे आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक घराला माहीत असायला हवे. रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला किंवा शरीरातले पाणी घटले, की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही, म्हणून वेदना होतात. गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा ही अडचण आणखी वाढते. थंडी, तहान, अतिश्रम आणि ताप हे याचे चार शत्रू. सहलीत हे चारही एकाच दिवशी भेटू शकतात.

म्हणून गुरुजींना पहिली गोष्ट सांगितली ती अशी की तिथे कोरडे उद्यान आणि पाण्याचे उद्यान वेगवेगळे आहे, तिकिटेही वेगळी आहेत. आपण कोरड्याचेच काढा. मुलगी रुसली. तिला म्हटले, तू मे महिन्यात जा. मुलाला दर तासाला पाणी पाजायचे, तहान लागण्याची वाट पाहायची नाही. दोन-तीन खेळ झाले की सावलीत अर्धा तास बसायचे. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिड एकही दिवस चुकवायचे नाही, आणि गोळ्या परतीच्या दिवसापेक्षा चार दिवस जास्तीच्या घ्यायच्या. दुखू लागलेच तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे मी लिहून दिले आहे. दुकानातून दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, मूत्रपिंडाला ती बाधते. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखले, धाप लागली, एकाएकी फिकटपणा आला किंवा पोट डाव्या बाजूला फुगले, हातापायातली शक्ती गेली, बोलणे अडखळले, तर खेळ, तिकीट, हॉटेल सगळे सोडून थेट मोठे रुग्णालय गाठायचे.

ज्या मुलांत हा दोष एकाच पालकाकडून आलेला असतो, ते वाहक. त्यांना सहसा काही त्रास नसतो, त्यांनी खुशाल पाण्यातही खेळावे; फक्त उपाशी, तहानलेले राहून फार दमू नये. आपले मूल वाहक आहे की रुग्ण, हेच अनेकांना ठाऊक नसते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. तपासणी झालेली नसेल तर सहलीची तयारी तिथूनच करा.

आता प्रवासाचे. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस दुपारी सुटते आणि सकाळी मुंबई भागात पोहोचते. कल्याणला उतरून कर्जतमार्गे खोपोलीला लोकल जाते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीच खुले होते, त्यामुळे नाताळचे तिकीट दिवाळीच्या सुमारास पाहावे लागते. गाडीत आपल्या बायाबापड्यांची एक खोड मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. संडास घाण असतो म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. आजींनीही तेच कबूल केले. त्यातून लघवीची जळजळ होते, चक्कर येते, आणि सिकलसेलच्या माणसाला तर याहून वाईट होऊ शकते. पाणी प्या, घाणेरडा असला तरी जा. डिसेंबरच्या रात्री गाडीच्या खिडकीतून येणारा वारा बोचतो, म्हणून मुलाला कानटोपी, मोजे आणि खिडकीपासून दूरचा बाक द्या.

आजींना मधुमेह आणि रक्तदाब. त्यांना नवे बूट घेऊन दिले होते. मी म्हटले, ते घरीच ठेवा. दिवसभर चालणे होणार, नव्या बुटाने फोड येतो, आणि मधुमेहात पायाचा फोड किती महाग पडतो हे मी इथे रोज पाहतो. रात्री पाय तपासून घ्या. इन्शुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, बर्फात बुडवू नका आणि उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका. उंच झोक्याच्या खेळावर हृदयरोगी, गरोदर स्त्रिया, मान-पाठ दुखणारे यांनी बसू नये अशी पाटी असते. ती शोभेसाठी नसते. मंडईतल्या आकाशपाळण्यावर बसण्याचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

पाण्याच्या उद्यानात जाणाऱ्यांना एक सांगतो. मूल बुडते तेव्हा ओरडत नाही, हात हलवत नाही. ते चूपचाप खाली जाते, एखाद-दोन मिनिटांत. म्हणून लहान मुलाजवळ एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर असलाच पाहिजे, आणि त्याने मोबाईल दुसऱ्याकडे द्यावा. जुलाब लागलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका. काही जंतू क्लोरिनलाही कित्येक दिवस दाद देत नाहीत.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. आपण हिवतापाच्या भागात राहतो. तिकडे ताप आला आणि शहरातल्या डॉक्टरने फक्त सर्दीचे औषध दिले, तर स्वतःहून सांगा, "आम्ही गोंदिया जिल्ह्यातून आलो आहोत, रक्त तपासा." परत आल्यावर ताप आला तरी हेच.

शेवटी मी मुलाच्या नावाचे एक पत्र लिहून दिले. आजार, गोळ्या, रक्तगट, माझा फोन आणि वेदना झाल्यास काय करावे, हे त्यात आहे. उद्यानात बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत, पण मुलाच्या औषधांसाठी आणि पाण्यासाठी हे पत्र दाखवा आणि आत शिरताच प्रथमोपचाराची खोली कुठे आहे ते विचारून घ्या, असे सांगितले.

त्यांची निघण्याची तारीख २६ डिसेंबर आहे. परवा मुलगा शाळेतून येताना दवाखान्यात डोकावला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, झुकझुक गाडी तर चालते ना?" मी म्हटले, चालते. पत्राची एक प्रत माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.