जँगोचे पाठ व नवशिका विद्यार्थी

आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी हल्लीं पायथॉन ही संगणकाची भाषा शिकूं लागले आहेत, आणि तिची थोडी ओळख होतांच त्यांचें मन संकेतस्थळें रचण्याकडे वळतें. त्या कामीं जे तयार सांगाडे, म्हणजे फ्रेमवर्क, प्रचारांत आहेत त्यांपैकीं जँगो हा एक होय. अमेरिकेच्या कॅन्सस प्रांतीं लॉरेन्स या गांवच्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड वृत्तपत्राच्या कचेरींत सन २००३ मध्यें एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनीं त्याचा पाया घातला. वृत्तपत्राच्या कामास वेळेचा तगादा असावयाचाच. म्हणून प्रत्येक संकेतस्थळास लागणारें तेंच तेंच काम एकदांच करून ठेवण्याची युक्ति त्यांनीं काढिली. सन २००५ मध्यें तो सर्वांस विनामूल्य खुला झाला. नांव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचें.

या सांगाड्याबरोबर एक पाठमालाही मिळते. तींत मतदानाचें एक लहानसें संकेतस्थळ रचावयाचें असतें. त्याची रीत समजण्यास शाळेच्या कचेरीचा दृष्टांत पुरेल. कोणी पालक दाखला मागावयास आला कीं शिपाई त्यास कोणत्या मेजाकडे जावें तें सांगतो; कारकून जनरल रजिस्टर उघडून नोंद काढितो, ती छापील नमुन्यांत भरितो आणि कागद पालकाच्या हातीं देतो. जँगोंत शिपायाचें काम पत्त्यांची यादी करिते, कारकुनाचें काम व्ह्यू करितो, रजिस्टराचे रकाने मॉडेलनें ठरतात, आणि छापील नमुना म्हणजे टेम्प्लेट. हीं नांवें निरनिराळ्या पाठांत भेटतात, त्यामुळें त्यांची सांगड विद्यार्थ्याच्या ध्यानीं येत नाहीं.

खरी अडचण पुढेंच आहे. पाठांतील ओळी जशाच्या तशा उतरून काढिल्या कीं संकेतस्थळ चालूं लागतें, आणि मुलगा घरीं सांगतो कीं मला जँगो आला. तो लबाडी करीत नसतो. परंतु त्यालाच शाळेच्या ग्रंथालयाचें संकेतस्थळ करावयास सांगावें, म्हणजे पहिल्याच ओळीवर हात थबकतो. कारण, माहिती कोणत्या कोष्टकांत कशी विभागावी हा निर्णय पाठ लिहिणाऱ्यानें आधींच घेऊन ठेविलेला होता. मतदानांत एका प्रश्नाचे अनेक पर्याय असतात आणि प्रत्येक पर्याय एकाच प्रश्नाचा असतो; दोन कोष्टकें पुरतात. ग्रंथालयांत एकच पुस्तक वर्षभरांत अनेक मुलांच्या हातीं जातें आणि एकच मुलगा अनेक पुस्तकें नेतो. तेथें देवघेवीचें तिसरें कोष्टक लागतें. नेल्याची व परत केल्याची तारीख त्यांत राहते. मतदानाच्या पाठांत हें सांपडावयाचें नाहीं. ग्रंथपालाची वही पाहून, कागदावर रेघा मारूनच तें सुचतें. पालकांनीं 'किती पाठ झाले?' याऐवजीं 'पाठांत नसलेलें काय केलेंस?' असें विचारावें, हें बरें.

चुकीच्या सूचनेनें पडदा भरला कीं नवशिका घाबरतो व सर्व पुसून पुन्हां उतरूं लागतो. ती सूचना शेवटच्या ओळीपासून वाचावी. दोष बहुधा तेथेंच सांगितलेला असतो. 'असें कोष्टक नाहीं' ही तक्रार आली तर मेकमायग्रेशन्स व मायग्रेट या दोन आज्ञांपैकीं एखादी द्यावयाची राहिली आहे काय, तें पाहावें. जुन्या आवृत्तीचा पाठ नव्या जँगोवर चालवूं नये. सन २०१७ मध्यें निघालेल्या २.० आवृत्तींत पत्ते लिहिण्याची नवी रीत आली.

पाठमालेंतील पांचवा पाठ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, आणि मुलें बहुधा तोच गाळतात. 'हा प्रश्न नुकताच प्रसिद्ध झाला काय?' असें तपासणाऱ्या कांहीं ओळी आधींच्या पाठांत लिहिलेल्या असतात. त्यांत पाठकर्त्यांनीं एक दोष राहूं दिला आहे. तारीख एका दिवसाहून जुनी नसावी, एवढेंच तेथें पाहिलें जातें. म्हणून पुढच्या महिन्याची तारीख घातलेला प्रश्नही नुकताच प्रसिद्ध झालेला ठरतो. ओळी उतरून घेणाऱ्याच्या कामांत हा दोषही निमूटपणें उतरलेला असतो. तो लगेच दुरुस्त करावयाचा नाहीं. प्रथम त्यास पकडणारी चांचणी लिहावयाची, ती नापास झालेली डोळ्यांनीं पाहावयाची, आणि मगच ती ओळ सुधारून चांचणी पुन्हां चालवावयाची.